जानकीचा नवस आणि बंगळूरची मॅच

माझी धाकटी जाऊ जानकी आज सकाळी गेली.
तिनं एकदा पाकिस्तान जिंकावं म्हणून डहाणूच्या महालक्ष्मीला नवस केला होता.

राग आला असेल तर पुढं वाचा.

साल शहाण्णव. वर्ल्डकप. बंगळूरला आपली त्यांच्याशी मॅच.
आणि तिचा नवरा गोपाळ, म्हणजे माझा दीर, कराचीच्या जेलात.

गुन्हा काय? गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. बोट मासळीमागं पुढं गेली, तिकडच्यांनी धरली. पाण्यात काय कुंपण असतं?

तारापुरात आमच्या गल्लीत टीव्ही हरीभाऊंकडं. बोईसरला कंपनीत सुपरवायझर. अख्खी गल्ली त्यांच्या घरात, आमी दोघी दाराशी.

आपले रन काढत होते, तसा हिचा चेहरा उतरत होता.

"जाऊबाय, ते हरले तर राग कोणावर काढतील?"

"गप बस," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

मग त्यांची बॅटिंग. चौके बसायला लागले.
तेवढ्यात ही महालक्ष्मीला हात जोडून बोलली, "हरू देत आपले, तुझी ओटी भरीन."

हरीभाऊ वळले. "काय म्हणालीस? तिकडंच जाऊन राहा मग."

"नेऊन सोडता? माझा माणूस तिथंच हाय."

एक पोरगा म्हणाला, "काकी, खेळात राजकारण नको."

मी म्हटलं, "ह्याच वर्ल्डकपात बॉम्बच्या भीतीनं दोन टीमा श्रीलंकेत खेळायला गेल्या नाय, ते काय भजन होतं?"

पोरगा टीव्हीकडं वळला. पण त्यांची विकेट पडली तसे सगळे आमच्याकडं बघून ओरडले.

आपण जिंकलो. गल्लीभर फटाके.
जानकी घरी गेली. मी तिच्याकडंच झोपले. झोपले कसली.

गोपाळ सुटला पुढल्या वर्षी. नुसती हाडं आणि दाढी.
हिनं पाणी दिलं आणि पहिलं विचारलं, "त्या मॅचच्या राती मारलं का?"

"नाय गं. शिपाई रेडिओ ऐकत होता. हरल्यावर बंद केला. आमी माना खाली घालून बसलो."

"मंग?"

"मंग काय. चादरीत तोंड खुपसून हसलो सगळे. जिंकलो ना आपण."

हिनं तांब्या आपटला.
"मी इथं मरत होते आणि तू हसत होतास?"

किती दिवस बोलली नाय त्याच्याशी. आलेल्या माणसाशी.

गोपाळ तुझ्या आधीच गेलाय, जानके.
जा आता. भांडण उरलं असेल तर तिकडं उरकून घे.

रामराम गं.