गोड्या पाण्याचं बेट

साताऱ्याहून निघालो तेव्हा ह्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा चटणी आणि कडक भाकरीच जास्त होत्या. परदेशात कायमचं राहायला जागा बघायला निघालेला माणूस असा दिसत नसावा. गाडी शिरवळच्या कारखान्यांजवळून जाताना हे म्हणाले की आता या रस्त्याने परत यायचं ते फक्त घर विकायला. ते ऐकून मला फार बरं वाटलं.

हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त सुभेदार. गाव माणमधलं, जिथे ढग येतात ते पुढे दुसरीकडे जाण्यासाठी. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठावर. अंगणातून नदी दिसणाऱ्या मुलीला घरच्यांनी माणमध्ये दिलं आणि तिच्या डोक्यावर हंडा आला. पुढे साताऱ्यात शाळेत नोकरी केली, नळाचं पाणी मिळालं. पण गावची जमीन ह्यांच्या आणि दिरांच्या नावावर, साताऱ्याचं घर ह्यांच्या नावावर. माझ्या नावावर गॅसचं कनेक्शन तेवढं.

देश निवडताना आम्ही महिनोन् महिने व्हिडिओ पाहिले. एक देश परवडेना, दुसऱ्याचे नियम कळेनात. फिलिपिन्समध्येही परक्याला जमीन विकत मिळत नाही. पण लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळते आणि वर घर आपलं बांधता येतं, असं तिथल्या एजंटाने सांगितलं. इंग्रजी चालतं म्हणून तो देश मला पटला, बारमाही हिरवा म्हणून ह्यांना. भाडेपट्टा माझ्या नावावर करायचं ह्यांनी आपणहून कबूल केलं होतं. त्या एका गोष्टीसाठी मी कुठल्याही बेटावर गेले असते.

बेटावर जायला बांका (दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेली होडी) होती. बेट अगदी सपाट, नारळच नारळ, मधे पाच-सहा घरं. आमचा मुक्काम रोझाबाईंकडे. माझ्याच वयाची विधवा बाई. सगळे तिला नानाय (आई) म्हणत. तिने भात आणि तुयो (आपल्या सुकटीसारखी वाळवलेली मासळी) वाढली, आमची चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग दारातल्या विहिरीतून बादली ओढून मला पेलाभर पाणी दिलं. विहीर इतकी उथळ की वाकलं तर आपला चेहरा दिसावा. चारी बाजूंनी समुद्र आणि पाणी मात्र माहेरच्यासारखं गोड. मी दोन पेले प्यायले.

सगळी वस्ती तिथूनच पाणी भरायची. मोटार कुणी बसवलेली नव्हती. रोझा म्हणाली, पाणी थोडंच आहे, पण पुरतं. मी ते मराठीत सांगितल्यावर हे हसले. "पुरतं म्हंजे? पाणी कवा पुरलंय व्हय?"

आम्हाला दाखवलेली जागा रोझाच्या परसाला लागूनच होती. व्हरांडा कुठे करायचा, खुर्ची कुठे ठेवायची हे मी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. पण हे शब्द देईनात. माणचा माणूस पाणी बघितल्याशिवाय जमिनीला हात लावत नाही. ह्यांनी तळहातावर नारळ आडवा धरला आणि जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखे सगळ्या जागेत फिरले. मुलं मागे हसत फिरली. रोझाच्या कुंपणाजवळ नारळ हातावर उभा राहिला, म्हणजे तिथे पाणी. एजंटाला व्यवहार उरकायचा होता; त्याने तराफ्यावरून बोअरचं मशीन आणवलं. रोझाला कुणी विचारलं नाही. तिने मशीनवाल्यांना कॉफी दिली.

पाणी लगेच लागलं आणि गोड लागलं. मी म्हणाले, "आवं, लागलं की पाणी. बास करा आता."

"हे वरचं हाय गं. माणात एवढ्याव कोण थांबतंय? खाली झरा असणार."

मशीन आणखी खाली गेलं. मनगटाएवढी धार उडाली. हे बनियनवर तिच्याखाली उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना इतकं सुखात मी पाहिलं नव्हतं, हेही लिहायला हवं. मग पाणी तुटतं का ते बघायला, आपल्याकडे बघतात तसंच, मोटार अखंड चालू ठेवली. सगळं पाणी वाळूतून समुद्राला गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली.

त्यानंतरच्या सकाळी रोझाने नेहमीसारखी कॉफी आणली. मी घोट घेतला आणि तिच्याकडे बघितलं. तिनेही घेतला होता. ती उठली, बादली ओढली, चाखली, आणि शेजारणींना हाक मारून एकच शब्द म्हणाली, "माआलात (खारट)." कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. तिने मला विचारलं, परत गोड कधी होईल? मी मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, समुद्राच्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर होता, तो ओढला गेला आणि खालचं खारं वर आलं. पाऊस पडत राहिला तर भरेल, वर्षं लागतील. एजंट दुसऱ्या बेटाचे फोटो दाखवू लागला.

हे मला म्हणाले, "इचार की त्येला, आजून खाली गेलं तर गोड लागंल का?"

मी ते विचारलं नाही.

परतीच्या होडीत रोझा आमच्यासोबत होती. पायाशी रिकामे कॅन. दुसऱ्या बेटावरून पाणी आणायला निघालेली. ती माझ्यासमोर बसून राहिली. मला तिच्याकडे बघायची लाज वाटत होती आणि ह्यांचा राग येत होता. उतरल्यावर तिने कॅन उचलून कमरेवर घेतला. ती चाल मला ठाऊक होती.

साताऱ्याचं घर विकलं नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा पारावरची माणसं, दीर, सगळे देशाची हकीकत ऐकायला जमले. ह्यांनी होडी सांगितली, नारळ सांगितले, मासळी सांगितली. शेवटी थोरल्या दिरांनी विचारलं की मग जागा का घेतली नाही.

"देश लय झकास हाय," हे म्हणाले. "पर पाणी खारं. आपलं जमायचं न्हाई."

मी चहा घेऊन दारात उभी होते. आजवर चारचौघांत ह्यांचा शब्द मी खोडला नव्हता. "गोड व्हतं," मी म्हणाले. "आपण जाईस्तोवर गोडच व्हतं."

धाकटे दीर हसून म्हणाले, "वैनींस्नी परदेश लय आवडल्याला दिसतोय," आणि सगळ्यांनी कप उचलले.