चेहरा नसलेले फोटो

फोटोग्राफर जपानला एकदाच गेला होता, तेही सहल कंपनीच्या बसमधून, झेंडीवाल्या गाइडच्या मागे मागे पळत. पण परतला तो अशा थाटात, की जन्म तिकडचाच आणि इथे कुणीतरी चुकून आणून सोडलंय. विमानतळावर घ्यायला आलेल्या बायकोपुढे तो कमरेत वाकून उभा राहिला.

"पाठीत उसण भरली का?" तिने विचारलं.

तोवर त्यांचं बरं चाललं होतं. बाजाराच्या रस्त्यावर स्टुडिओ, पुढे काउंटरवर बायको, आत दिवे, पडदे आणि हा. लग्नं, शाळेच्या वर्गांचे फोटो, पासपोर्टचे फोटो. आता त्याने पडदे उतरवले, भिंत राखाडी केली आणि कोपऱ्यात एक वाळकी फांदी उभी केली. जपानीचे जेमतेम चार शब्द येत होते, पण तेवढ्यावर तो येणाऱ्याजाणाऱ्याला अडाणी ठरवायचा.

"चेहरा फार बडबड करतो," असं नवं तत्त्वज्ञान त्याने तिकडून आणलं होतं. "तिकडचे लोक रिकामी जागा बघायला शिकलेत." झालं. एका लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या सँडल निघाल्या, रिकाम्या खुर्च्या निघाल्या, काचेवरचं धुकं निघालं. नवरीचा बाप अल्बम घेऊन काउंटरवर आला.

"सगळं छान आहे," तो म्हणाला. "फक्त आमची मुलगी कुठे ठेवलीत तेवढं सांगा."

माफी मागितली बायकोने. लोकांना नजरच नाही, हे त्याचं म्हणणं संध्याकाळी जेवताना ऐकूनही तिनेच घेतलं.

सासूबाई त्यांच्याजवळच राहायच्या. थकलेल्या, पण हौशी. एका दुपारी त्यांनी ठेवणीतले कपडे घातले, कवळी बसवली, केस चापून विंचरले आणि मुलासमोर येऊन बसल्या.

"माझा एक नीट फोटो काढ रे. बघ, हसते मी."

"हसू नकोस, आई. इकडे बघूच नकोस. खिडकीकडे तोंड कर."

"म्हणजे पाठीचा काढतोस?"

"पाठीत सगळं आयुष्य दिसतं."

"आयुष्य मला ठाऊक आहे. मला तोंड पाहिजे."

त्याने पाठीचा काढला, मग हातांचा, मग त्यांच्या कपाचा. बायको दारात उभी होती. सासूबाईंनी ते हसू बराच वेळ धरून ठेवलेलं तिला तिथून दिसत होतं.

"काढा ना एक समोरून. काय बिघडतं?" ती म्हणाली.

"तुला नाही कळायचं ते."

थंडीत सासूबाई गेल्या. नातेवाईक भेटायला येणार, बाहेरच्या खोलीत फोटो हवा. बायको कॉम्प्युटर उघडून बसली. पाठ, हात, सावली, चष्मा, पुन्हा पाठ. जुन्या अल्बममधल्या सासूबाई इतक्या तरण्या होत्या, की कुणी ओळखल्या नसत्या. शेवटी त्यांच्या पर्समधलं ओळखपत्र काढावं लागलं. कुठल्याशा कचेरीतल्या कारकुनाने टिपलेला फोटो: डोळे भेदरलेले, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर गोल शिक्का. फोटोग्राफरने तोच मोठा करून चौकटीत बसवला.

"हे हनुवटीवर काय रे?" त्याच्या मामांनी विचारलं.

फोटोग्राफरने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. "जपानमध्ये मामा, व्यंगातच सौंदर्य बघतात."

बायको उठली, टेबलावरची चौकट उचलून तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"आत जा आणि तो शिक्का पुसा. आणि पुन्हा त्या देशाचं नाव या घरात काढू नका."

तो चौकट घेऊन आत गेला. उघड्या दारातून दिसत होतं: कॉम्प्युटरच्या पडद्यावर भरून आईची हनुवटी आणि हा तिच्यासमोर पाठीत वाकलेला. शिक्का पुसला गेला. पण त्याखालची कातडी नव्याने रंगवायची होती, आणि हात तिथे अडला.

"अगं," त्याने आतून विचारलं, "आईच्या हनुवटीवर तीळ होता का?"

"होता," मामाच म्हणाले. "डाव्या बाजूला." आणि त्यांनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

वसंतात फोटोग्राफर पुन्हा जपानला गेला, फुलं टिपायला. बायकोने त्याला अडवलं नाही. तिने फांदी बाहेर टाकली, पडदे लावले आणि गिऱ्हाइकांचे चेहरे स्वतः काढायला लागली. तो परत आला, दारात वाकला, पण कॅमेरा काही तिने त्याच्या हाती दिला नाही.