धोंडा सरकवायच्या आधी

वालचंदनगरला आमच्या शेजारच्या बाई चर्चमधल्या पोरांना ईस्टर शिकवायच्या. बाई स्वतः एका जागी बसून एक वाक्य पुरं करतील तर शपथ! उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, परातीत काळ्या मातीची कबर करायची, फडक्यात गुंडाळलेली बाहुली येशू म्हणून आत ठेवायची आणि कबरीच्या तोंडाला धोंडा लावायचा.

"आता थेट रविवारी सकाळी, येशू उठतो तवाच उघडायचं. तवर धीर धरायचा, काय?" पोरांना असं बजावताना स्वतःच्या मात्र अंगणात येरझारा.

पोरं फाटकाबाहेर पडली, की बाई लगेच बाहुली काढून पदराखाली घेत. एकदा मी न राहवून म्हटलं, "बाई, आज शुक्रवारच आहे."

धोंडा परत लावत त्या म्हणाल्या, "माझं लेकरू मी एकदा मातीत ठिवलंय. आता बाहुलीबी ठिववत न्हाय."