परदेश शाखेचे काका

"मी नाही आलो वहिनी. तुमचा पोरगा आला असं समजा."

दारात चपला काढताना काका हे वाक्य म्हणायचेच. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा माझी आई घाबरली. दादा तेव्हा शांतिसेनेसोबत आफ्रिकेत गेला होता. अनोळखी माणूस दारात उभा राहून पोराचं नाव घेतो म्हटल्यावर तिला भलतंच वाटलं. काकांच्या ते लक्षात आलं. लगेच म्हणाले, "खुशाल आहे तो. भात खाऊन खाऊन कंटायला, एवढीच तकलीफ आहे."

माझा दादा अकरावी-बारावीला अमरावतीच्या एका वसतिगृहात होता. तिथून तो फौजेत गेला. त्या वसतिगृहाचं माजी विद्यार्थी मंडळ आहे आणि त्या मंडळाची एक परदेश शाखा आहे. नाव मोठं असलं तरी शाखा म्हणजे परदेशी मोहिमेवर गेलेली वसतिगृहाची पंधरा-वीस मुलं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि अकोल्यातले हे काका. काका स्वतः फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलं तिकडे असताना त्यांच्या घरी जाऊन यायचं, हे काकांचं काम. त्याचा पगार नव्हता. एसटीचं तिकीटसुद्धा ते स्वतःच काढायचे.

तुम्ही म्हणाल, घरी जाऊन येण्यात काय मोठं? पण काका पाहुण्यासारखे येत नसत. आले की आधी गॅसचं सिलिंडर हलवून बघायचे. मग गच्चीवर जाऊन टाकीत डोकवायचे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मोजायचे आणि घ्यायच्या तेवढ्या कमी झाल्या नसल्या तर बाबांकडे नुसतं बघायचे. आईनं चहा टाकला की म्हणायचे, "पोरगा आला म्हणता आन् त्याले चहावर काढून देता? भाकर नाही का घरात?"

मला म्हणायचे, "ए पोट्टी, तुह्या भावानं सांगतलं, तिले दोन शिव्या देजो. एक आज देतो. दुसरी दिवाळीले."

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. बीसीएला अकोल्यातच प्रवेश घ्यायचा ठरला तेव्हा फॉर्म भरायला बाबा आले नाहीत. ऑफिसच्या खिडकीसमोर त्यांचे शब्द हरवतात. काका आले. कारकुनानं विचारलं, "तुम्ही हिचे कोण?" काका म्हणाले, "भाऊ." कारकुनानं त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

शाखेतल्या मुलांच्या बहिणींच्या लग्नात तर काका फार भाव खायचे. मुलीचा सख्खा भाऊ परदेशात असला की नवरदेवाचा कान पिळायला काका उभे. कान हळूच धरायचे, पण तोंड नवरदेवाच्या कानाशी न्यायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, पोट्टीचा भाऊ समुद्रापलीकडं आहे. मी मात्र अकोल्यातच आहे." त्याचा फोटो ग्रुपवर जायचा. तिकडून निळ्या टोपीतली पोरं लिहायची, 'काका, अजून जोरात पिळा.'

मागच्या उन्हाळ्यात मंडळानं सगळ्या सभासदांना ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. त्यासाठी वसतिगृहाची जुनी प्रवेश रजिस्टरं संगणकावर घ्यायची होती. मंडळाचे अध्यक्ष अमरावतीत वकिली करतात. त्यांना काकांनीच माझं नाव सुचवलं. म्हणाले, "आपली पोट्टी आहे. करते ती."

मी सुट्टीत रोज अकोल्याहून अमरावतीला जायचे. काका दोन-तीन दिवसांआड यायचे. स्टँडवरून आलूबोंडे आणायचे, समोरच्या स्टुलावर बसायचे आणि हसत विचारायचे, "माहं नाव भेटलं का?"

"शोधते, काका."

नाव नव्हतं. मी त्यांच्या वयाचा अंदाज धरून पुढची-मागची बारा वर्षं पाहिली. दोनदा पाहिली. परदेश शाखेच्या यादीत पहिलंच नाव काकांचं होतं आणि त्यापुढचा प्रवेश क्रमांकाचा रकाना रिकामा होता. शेऱ्यात मी टाइप केलं, 'नोंद आढळली नाही.'

मी त्यांना आधी विचारायला हवं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की कागदावर खरं लिहायचं. अकरावीत मी अर्जातल्या एका चौकटीत चुकीची खूण केली होती आणि माझी वर्षभराची शिष्यवृत्ती गेली होती. तेव्हापासून रिकाम्या रकान्याची मला भीती वाटते. मी यादी वकीलसाहेबांना पाठवली आणि काम पूर्ण झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

रविवारी मंडळाची बैठक होती, मीही गेले होते. वकीलसाहेबांनी यादी वाचता वाचता सहज विचारलं, "काका, तुमचा प्रवेश कोणत्या वर्षीचा?"

काका उठून उभे राहिले. "प्रवेश नाही साहेब. मी मेसमध्ये पोया लाटत होतो."

एक जण हसला. त्याला वाटलं, काका गंमत करताहेत.

काका सांगत राहिले. सतरा वर्षांचे असताना ते त्या मेसमध्ये कामाला होते. जेवणं झाली की मुलं त्यांना गणित शिकवायची. त्या मुलांनी त्यांना दहावीला बसवलं. भरतीच्या दिवशी एकानं बूट दिले, एकानं सदरा दिला. पुढे परदेशातल्या छावणीत या वसतिगृहाची तीन मुलं त्यांना भेटली. तंबूत बसून वसतिगृहातली संध्याकाळची प्रार्थना चौघांनी म्हटली, ती सगळ्यांना पाठ निघाली, आणि शाखा सुरू झाली. यादीत काकांचं नाव त्या मुलांनीच पहिलं लिहिलं.

वकीलसाहेब वाईट माणूस नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "काका, तुमच्या कामाबद्दल कुणाला शंका नाही. पण मंडळाच्या घटनेप्रमाणे सभासद म्हणजे माजी विद्यार्थी. आपण तुम्हाला मानद कार्यकर्ता करू. काम तेच राहील."

"काम तेच राहील, पण मी पोराइच्या दारात कोण म्हणून उभा राहू?" काका म्हणाले. "पोरगा आला म्हणायले काही तं नातं पाहिजे ना साहेब. या वसतिगृहाचा आहो म्हणून म्हणत होतो मी."

काकांनी शाखेच्या कामासाठी मिळालेला फोन टेबलावर ठेवला. चार्जर पिशवीतून काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि फोनशेजारी ठेवला.

परत येताना आम्ही एकाच एसटीत होतो. त्यांनी मला खिडकीची जागा दिली. बडनेरा गेल्यावर मी म्हटलं, "काका, ते मी लिहिलं."

"मले माहीत आहे. तूच तं होती तिथं."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

"कोणीच नाही विचारलं इतकी वर्षं. पुसलं असतं तं सांगतलं असतं." मूर्तिजापूरला त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली.

शाखेचं काम आता दुसऱ्या एकांकडे आहे. ग्रुपवर संदेश आला, 'कुटुंबीयांनी अडचण असल्यास संपर्क साधावा.' आम्ही साधला नाही. अडचण अशी काही नव्हती. दिवाळी गेली. आई दोनदा म्हणाली, "काहून येऊन नाही राहिले ते?" मी सांगितलं नाही. सांगायचं ठरवते तेव्हा आतून काहीच येत नाही, जसा पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो.

जानेवारीत दादाचा फोन आला. "काकांनी मंडळ सोडलं म्हणतात. आपल्या घरी तं येतात ना? नसतील येत तर तू जा. मी बोलावलं म्हणून सांग."

मी गेले. त्यांचं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. काकांनी आतून खुर्ची आणली, पुसली आणि अंगणात माझ्यासाठी ठेवली. स्वतः पायरीवर बसले. चहा कपबशीत आला, सोबत बिस्किटांची बशी. दादाची तब्येत विचारली, आईबाबांची विचारली. गोळ्यांचं विचारलं नाही.

मी निरोप सांगितला.

"बरा आहे ना तो? मंग झालं."

"काका, मी वकीलसाहेबांना पुन्हा लिहून देते."

"काय लिहिशील?"

मी वाटेत वाक्य तयार केलं होतं. ते म्हणायच्या ऐवजी मी बिस्किटांची बशी बाजूला सरकवली.

"खरं तेच लिहिलं तू," काका म्हणाले. "माह्यासाठी आता खोटं लिहू नको. घे, बिस्किट घे."

चहा संपला. मी कप विसळायला उठले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "राहू दे. तू पाहुनी आहे." ते नळाकडे गेले. कप धुतला, बशी धुतली. उन्हात धरून पाहिली, एक डाग दिसला असावा, पुन्हा धुतली. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. मी फाटकाची कडी काढली. मागे नळ चालूच होता.