गळा कसा ठेवू?

आमच्या राजूरच्या टेलर आक्कांनी शिवलेला एकही ब्लाउज मला पहिल्या खेपेला धड बसला नाही. मी मागे चौकोनी गळा सांगायचे, आक्का गोल कापायच्या. "शाळेत शिकवायला जाता ना बाई? पाठ कोन बघतंय?" असं वर मलाच ऐकवायच्या. मग भांडण, मग उसवाउसवी. पंधरा वर्षं मी हा छळ सोसला, कारण बाकीचे टेलर याहून वाईट होते.

दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी पैठणीवरचं ब्लाउजपीस घेऊन गेले. तेव्हा कित्येक आठवडे मला जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती, वह्या तपासायला घेतल्या की रडू यायचं. घरी मी 'उन्हाळ्याचं होतं असं' म्हणून सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते पटलंही होतं. आक्कांनी टेप लावली, वहीतलं जुनं माप पाहिलं आणि विचारलं, "गळा कसा ठेवू?"

"कसाही ठेवा."

आक्कांनी माझं कापड कपाटात टाकून कुलूप लावलं. "आदी डॉक्टरला दाखवा. कागद आना, मंग शिवते."

लग्न आठ दिवसांवर होतं, तरी मला चिडताही येईना. नुसती बसून राहिले. तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "माजी धाकटी भैन बी अशीच कायबी चालंल म्हनाया लागली हुती. आमाला वाटलं, गुनाची झाली. तिनं जीव दिला, तवा कळलं."

कापड सोडवायचं म्हणून मी संगमनेरला मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. आक्कांनी तो इंग्रजी केसपेपर चष्मा लावून, सगळं कळल्यासारखा वाचला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज दिला. गोल गळ्याचा. मला सावरायला सहा महिने लागले. त्यानंतर मी त्याच गळ्यावरून दुकानात जाऊन भांडले, तर ही बाई शिव्या खाताना हसत होती. मला आणखीच राग आला.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. बाजारात आता नवं दुकान झालंय. तिथली मुलगी सांगितला तसाच गळा कापते, भांडायला जागाच ठेवत नाही. मला आक्कांची फार आठवण येते.

मागच्या महिन्यात त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, गळा कसा ठेवू?"

"कसाही," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

मेली तरी पिच्छा सोडत नाही बाई. मी दुकानाच्या पायरीवर बसले, डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मग आत जाऊन त्या मुलीला सांगितलं, "गोल ठेव."