हिराआत्याच्या नावावरचा कंटेनर

हे मी आजवर कुणाशीच बोलले नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही, देवासमोरही नाही — तिथे तर मुद्दामच नाही. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर जीभ उचलली असती का? वाटत नाही.

उरणला माझं छोटं ऑफिस आहे. न्हावा शेव्याला परदेशातून कंटेनर उतरतो, त्यातला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा माझा धंदा. बरीचशी गिऱ्हाइकं गाड्यांचे पार्ट मागवणारी. परवाच पनवेलचा एक गॅरेजवाला आला आणि लाडीगोडी लावत म्हणाला, ताई, हेडलाइटची किंमत जरा कमी दाखवू ना, ड्युटी वाचेल. मी त्याला असा झापला की तो चहा अर्धा टाकून उठला. खरी किंमत दाखवायची, त्यावरची ड्युटी भरायची, वर जीएसटी भरायचा, जमत नसेल तर दुसरं दार बघायचं — माझं हे तोंड सगळ्या पोर्टला ठाऊक आहे. पोरं म्हणतात, रंजनाताईकडे वाकडं काम चालत नाही. मी हसते. त्या दिवशी मला जेवण जात नाही.

का जात नाही, तेच सांगायला बसलेय. पण एकदम तिथे जाववत नाही हो. आधी आत्याबद्दल सांगू द्या.

हिराआत्या म्हणजे माझ्या बाबांची चुलत बहीण. गावातच दिलेली, आमच्या घरापासून चार घरं सोडून. मिठागरं गेली तसा नवरा घरीच बसला, आणि आत्याच्या हाताला दुसरं काम नव्हतं — पण ती धवलारीण होती. आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात भटजी आपले मंत्र म्हणोत, धवलारणीने धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आत्या गायला बसली की मांडवातल्या बायका आपोआप गप्प व्हायच्या. आजूबाजूच्या गावांतून गाडी पाठवून तिला न्यायचे, मानाने पाटावर बसवायचे. तिच्यापाशी काय होतं? तो पाट होता. दुसरं काही नव्हतं.

मलाही गावातच दिलेली, पोर शाळेत होती. मी तेव्हा दुसऱ्याच्या ऑफिसात होते, कॉम्प्युटरवर कागद भरायचं काम. जीएसटी नवा नवा आला होता. मुंबईचा एक शेठ आमच्या साहेबांकडे यायचा. त्याला आयात करायची होती, पण स्वतःच्या नावावर नाही. त्याला 'साफ नाव' पाहिजे होतं — ज्याच्यावर कधी केस नाही, ज्याला कुणी ओळखत नाही असं. आमच्या भागात तेव्हा हे सर्रास चालायचं. कुणी ड्रायव्हरचं नाव द्यायचा, कुणी मेहुण्याचं. आधार द्यायचं, पॅन द्यायचं, दोन सह्या ठोकायच्या, आणि आपल्या नावावर कंपनी उघडली हे विसरून जायचं. नाव दिलंय, बस. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

मी आत्याचं नाव सुचवलं.

कुणी बळजबरी केली होती? अजिबात नाही. साहेबांवर छाप पाडायची होती मला. आत्याला म्हटलं, सही कर, काही होत नाही, दिवाळीला साडी येईल. ती पापलेट साफ करत होती. हात धुऊन आली आणि म्हणाली, "तू सांगतंस ना, मग झाला." काय आहे हेही विचारलं नाही. कंपनीला नावसुद्धा तिचंच दिलं. कंपनीचा पत्ता म्हणजे आत्याचं घर, ओटीवर जवळा वाळत घातलेला. आयात करणाऱ्याची जागा बघून यायचं कामही ऑफिसने माझ्याकडेच दिलेलं. बघितली, सगळं ठीक आहे, असं मी लिहून दिलं.

आता दुसरी गोष्ट — मालाची. ड्युटी लागते ती माल कसला आणि केवढ्याचा त्यावर. शेठच्या कंटेनरमध्ये गाड्यांचे नवेकोरे गिअरबॉक्स आणि हेडलाइट यायचे. कागदावर मी टाइप करायचे, लोखंडी भंगार. मला माहीत होतं. कसं माहीत नसेल? मालाचे फोटो माझ्याच मोबाइलवर यायचे. भंगार म्हटलं की ड्युटी चिमूटभर. दरवाजाजवळ खरोखर भंगाराची पोती लावलेली असायची, उघडून बघणाऱ्याला तीच दिसायची. दोन-चार कंटेनर असेच सुटले. मग एकदा अधिकाऱ्यांनी पोती बाहेर काढायला लावली, आणि मागचा माल उघडा पडला.

त्या दिवशी गावात हळद होती. आत्या पाटावर बसलेली, मी ताटात हळद कालवत होते. मांडवाबाहेर गाडी थांबली आणि दोन साहेब लोक चपला न काढता आत आले. आत्याचं पूर्ण नाव घेतलं. तुमच्या कंपनीचा माल पकडलाय म्हणाले. गाणं मध्येच थांबलं. तुमच्याकडून सह्या कोणी घेतल्या, असं त्यांनी विचारलं. आत्याने एकदा — एकदाच — माझ्याकडे बघितलं. मी खाली ताटात बघितलं.

"मना नाय ठावं," ती म्हणाली.

तिने मला वाचवलं. इतकं झालं तरी पुढे खरं सांगायची वाट मला मोकळी होती. नंतर मलाही कस्टमच्या ऑफिसात जबाबाला बोलावलं. आमच्या साहेबांनी जाताना एवढंच म्हटलं, सांभाळून बोल, पोर्टात जायचं तुझं कार्ड जाईल. खोटं बोल असं नव्हते म्हणाले. समोरचा अधिकारी तसा सभ्य होता, पाणी दिलं त्याने. विचारलं, तुम्ही त्या बाईंच्या जागेवर जाऊन आलात, त्यांना ह्या धंद्याची माहिती होती का?

मी काय सांगायला हवं होतं, हे तुम्हालाही कळतंय. मलाही कळत होतं. ती धवलारीण आहे, साहेब, तिला गिअरबॉक्स कशाशी खातात माहीत नाही, सही मी घेतली, भंगार मी टाइप केलं. एवढंच तर सांगायचं होतं.

मी म्हणाले, हो, चांगली माहिती होती. ह्या बाई स्वतःच आमच्याकडे काम घेऊन आल्या.

हे. हेच ते. एवढ्यासाठी एवढं फिरून आले मी.

माझं कार्ड राहिलं. शेठचा फोन लागेनासा झाला. चुकवलेली ड्युटी आणि दंड, सगळं आत्याच्या नावावर चढलं. तिचं बँकेचं खातं बंद झालं. माझे बाबा तिला घेऊन वकिलाकडे खेपा घालायचे, एसटीने, उन्हातान्हात, आणि घरी येऊन मला विचारायचे, तू त्याच लाइनीतली, तुला काही सुचतं का? मी म्हणायचे, बघते. एकदा असेच दमून आले आणि आईला म्हणाले, हिरीलाच लोभ सुटला असेल. मी तिथेच, माहेरच्या चुलीपाशी भाकरी थापत होते. तशीच थापत राहिले. बाबा गेले ते तिला लोभी समजूनच गेले.

आणि गाव? गावाने तिचं नाव ठेवलं — कंटेनर आत्या. पोरंटोरं मागून हाका मारायची. बायका कुजबुजायच्या, जिच्या दारात सरकारी माणसं येतात तिच्याकडून पोरीला हळद कशी लावायची? एकेक करून गाड्या यायच्या बंद झाल्या. एका बारशाला कुणीतरी तिची तशीच थट्टा केली, आणि सगळ्यांबरोबर मीही हसले. आत्या तिथेच पत्रावळ्या मांडत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. धवलारीण मी अलिबागकडची आणली. आत्याला आमंत्रण दिलं, पण नुसतं जेवायचं. ती आली, धुवट साडी नेसून, मागे भिंतीला टेकून बसली. पाहुण्या धवलारणीला हळदीच्या धवल्यात पुढचं आठवेना. ती अडली. दोनदा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी वळून आत्याकडे बघितलं. आत्याचे ओठ हलत होते, तिला सगळं येत होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी नुसती मान हलवली असती तरी तिने उचललं असतं, आणि सगळ्या गावासमोर माझ्या पोरीला तिच्या धवल्याने हळद लागली असती. तिची गेलेली जागा तिला तिथल्या तिथे मिळाली असती.

मला वाटलं, लोक विचारतील. हिला कशी बसवली, तुझा काय संबंध, असं विचारतील. मी त्या बाईला म्हणाले, राहू दे ते, पुढचं घ्या.

आत्याने ओठ मिटले. जाताना मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "गोड दिसते गो तुझी पोर."

मी म्हणाले, आत्या, जेवून जा.

माझा तो जबाब अजून कस्टमच्या ऑफिसात तसाच आहे, खाली सही माझी. आत्याच्या नावावरची केस चालू आहे. ते ऑफिस माझ्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि कामासाठी मी तिथे आठवड्यातून दोनदा जाते. जबाब बदलायला एकदाही गेलेली नाही.