काटेवाडीच्या पडवीतली इर्जिक

तयार वस्तूवर माझ्या मावशीच्या यजमानांइतका संशय घेणारा माणूस भवानीनगरपासून बारामतीपर्यंत तर सोडाच, अख्ख्या पृथ्वीवर नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. काका साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त होऊन काटेवाडीला आले आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येक जिनसेची उलटतपासणी घेऊ लागले. तिखट विकतचं नको, मिरच्या आणून देठ स्वतः खुडणार. स्क्रूड्रायव्हर बाजारातून आणला तरी त्याची मूठ काढून बाभळीची बसवणार, कारण कंपनीनं काकांचा तळहात कुठं बघितलाय! अशा माणसाला आम्ही कॉम्प्युटर घेऊन दिला, ही आमचीच चूक. सगळं जग तयार प्रोग्राम घेतं. काकांनी कॉम्प्युटर चालवायला असा एक लिनक्स शोधून काढला, की त्यात प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड आणायचा आणि आपल्याच यंत्रावर, यंत्राच्या मापानं तो बांधायचा. साधी गाणी ऐकायची तरी आधी दोन दिवस बांधकाम. मी एकदा म्हटलं, तयार मिळतो की. काका शांतपणे म्हणाले, "मिळतो की. सासऱ्याकडचा कोटबी तयारच मिळाला हुता लग्नात. घातला का मी?"

प्रोग्राम बांधून होईपर्यंत ते पडवीत बाजेवर बसून राहायचे. पडद्यावर अक्षरं सरकत असायची, यंत्राचा पंखा गुणगुणायचा, पलीकडं उसाला पाटाचं पाणी सुटलेलं असायचं, आणि काका दोन्हींकडं सारख्याच डोळ्यांनी बघायचे. मीही शेजारी बसायचो. कळायचं काही नाही, पण बारामतीला परत जावंसंही वाटायचं नाही. दुपार कधी कलली ते समजायचंच नाही.

मावशीला हे ध्यान बघवत नसे. ती स्वयंपाकघरातून बोलायची आणि ते पार विहिरीपर्यंत ऐकू जायचं. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. आम्ही पाटी दिली. आधी ती पाटीभर लिहायची, मग नुसतं हो-नाही, मग पाटी कोनाड्यात गेली ती गेलीच. तिनं काही सांगणंच सोडून दिलं. मी तिच्या मोबाइलवर लिहिलेलं वाचून दाखवणारा आवाज बसवून दिला. तो आवाज थेट एसटी स्टँडवरच्या घोषणेचा. मावशीनं एकदा ऐकलं आणि मोबाइल ज्वारीच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. काका म्हणाले, "ही कोण बया? मला हिचा आवाज पायजे."

बोलती होती तेव्हा मावशी सगळ्या नातेवाइकांना मोबाइलवर लांबच लांब निरोप बोलून पाठवायची. काकांनी ते सगळ्यांकडून गोळा केले. त्यावरून तिचा आवाज घडवणारा प्रोग्राम होता, पण त्याच्याआधी बांधायचे प्रोग्राम ढीगभर. एकापाठोपाठ एक करत बसलं तर दिवाळी उजाडली असती, आणि मावशी तर रोज थोडी थोडी मिटत चालली होती. जन्मात घाई न केलेले काका घाईला आले. पूर्वी एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं की सगळा गाव आपापली बैलं घेऊन उतरायचा, मालकानं फक्त जेवू घालायचं. तिला इर्जिक म्हणतात. काकांनी इर्जिक घातली. माझा लॅपटॉप, शेजारच्या मास्तरांचा, दूध डेअरीतला म्हातारा कॉम्प्युटर, सगळे पडवीत वायरींनी जोडले. एकाच वेळी प्रत्येकानं आपापला तुकडा बांधायचा. यंत्रांच्या मालकांना पुरणपोळी. मात्र काकांनी प्रत्येक यंत्राला सारखीच, एकदम सोळा कामं दिली. कमी दिलं तर आलेल्याचा अपमान होतो म्हणे! डेअरीच्या म्हाताऱ्याची मेमरी तेवढी कुठली? तो जागीच थिजला आणि त्याच्या तुकड्यावाचून बाकीचे खोळंबले. दिवस फुकट गेला. मावशी दारातून बघत होती. काकांचं तोंड एवढंसं झालं होतं आणि मला तर रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणं काम वाटलं. म्हाताऱ्याला दोनच. मग सगळे बिनबोभाट चालले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी प्रोग्राम उभा राहून त्यातून आवाजही घडला. काकांनी मावशीला बाजेवर बसवून कीबोर्ड पुढ्यात दिला. एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मावशीचे झाडून सगळे निरोप आमची खरडपट्टी काढणारे. प्रेमानं बोलायला कोण निरोप पाठवतंय!

मावशीनं बराच वेळ एकेक अक्षर शोधलं. मग बटण दाबलं आणि तिचाच आवाज पडवीभर कडाडला, "लई दमलाय तुमी. पडा जरा."

इतकं मऊ ती काकांशी कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं, आणि बोलली ती अशी अंगावर आल्यासारखी. काका मुकाट्यानं बाजेवर आडवे झाले. डोळे पुसून म्हणाले, "आनि एकदा म्हण की."

मावशीनं परत बटण दाबलं. मग परत. त्या रागावलेल्या आवाजात काका हळूहळू झोपून गेले, तरी ती दाबतच राहिली.